किती टक्के भरलंय?

शांत पाण्याचा फोटो नावाजायला सोपा आणि त्यावर बोलायला अवघड. वारी, लग्न, कुस्ती, वाघ यांच्या फोटोत काहीतरी घडत असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला बोलायला धागा सापडतो. पैठणजवळ नाथसागराच्या काठावर डिसेंबरच्या सकाळी काढलेल्या फोटोत काहीच घडत नाही. खाली पाणी, वर आकाश, मध्ये पलीकडच्या काठाची बारीक रेघ. फोटो काढणारा मोबाइल पुढे करतो आणि भोवतालचे म्हणतात, "अप्रतिम!" कुणी म्हणतं, "वॉलपेपरच की." स्वतःचा कॅमेरा असलेला एखादा गंभीरपणे सांगतो, "क्षितिज मधोमध आलंय, एक-तृतीयांशावर हवं होतं." आणि एखादे काका चष्मा वर सरकवून विचारतात, "किती टक्के भरलंय?"

या चौघांत मला काकांचं बोलणं सगळ्यांत कामाचं वाटतं. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. छत्रपती संभाजीनगर त्याचंच पाणी पितं, आणि ते नळाला रोज येत नाही. पावसाळ्यात धरणाची टक्केवारी ही इथे बातमी असते. मराठवाड्यात वाढलेला माणूस पाण्याचा फोटो बघताना आधी काठ बघतो. ओलीची रेघ कुठवर आहे, गाळ उघडा पडलाय का, बाभळी किती बुडाल्यात. फोटो काढणाऱ्याला वाटत होतं की आपण शांतता टिपली. काकांना त्यात साठा दिसला. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. 'अप्रतिम' ऐकून त्याला फोटोबद्दल नवं काही कळलं नाही, आणि एक-तृतीयांशवाल्याकडून कळलं ते नियमाबद्दल.

आपण काढलेल्या फोटोकडे आपल्याला परक्यासारखं बघता येत नाही. आपण तिथे उभे होतो. पहाटेची थंडी, चिखलाचा वास, दूरवर ओरडणारी बदकं, आदल्या रात्रीचं जागरण हे सगळं आपल्याला त्या चौकटीत दिसत राहतं, आणि पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याचा डोळा फोटोत कुठून शिरला, कुठे थांबला, कुठून बाहेर पडला, हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे त्याने ते सांगणं. शांत पाण्याच्या फोटोत लक्ष वेधणारी घटना नसते, म्हणून तर हा प्रवास तिथे जास्त स्पष्ट होतो. एक बगळा जरी डाव्या कोपऱ्यात असला तरी सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात. तो तिथे असावा की नसावा, हा मग खरा प्रश्न होतो.

पण डोळ्याचा प्रवास सांगून अभिप्राय संपत नाही. पाण्याचे स्वतःचे काही नियम आहेत आणि ते माहीत नसले की चांगल्या फोटोत चुका दिसतात, खऱ्या चुका सुटून जातात.

पाणी स्थिर कधी असतं, इथपासूनच सुरुवात करू. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, आणि वरचा वारा खाली उतरत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली की हवेची घुसळण सुरू होते आणि पाण्यावर सुरकुत्या पडतात. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रीनंतरच्या पहिल्या दोन तासांची वेळ म्हणूनच पाण्याच्या फोटोची. त्यातही सगळे जलाशय सारखे नाहीत. नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या मोकळ्या पाण्यावर हलक्या वाऱ्यालाही धावायला लांब वाट मिळते आणि लाटा तयार होतात. संभाजीनगरातल्या दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर, म्हणजे जुना खिजरी तलाव, त्यामानाने लहान आणि झाडांच्या आडोशाचं. तिथे पाणी लवकर स्थिरावतं, जलपर्णीने मोकळं ठेवलं असेल तर. पाणचक्कीच्या हौदात पाणी वरून पडत असतं, तेव्हा तिथे नितळ प्रतिबिंबाची अपेक्षा धरून गेलेला माणूस चुकीच्या ठिकाणी गेलेला असतो. म्हणून 'पाण्यात तरंग आलेत' हा शेरा देण्याआधी विचारावं, फोटो कुठला, किती वाजताचा. नाथसागरावर सकाळी नऊ वाजता तरंग असणारच. मग खरा अभिप्राय असा होतो की आणखी दोन तास आधी जा, किंवा तरंगांचाच फोटो काढ.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शेरा घेऊ. "होरायझन वाकडा आहे." समुद्रावर हे पटकन ठरवता येतं. तलावावर नाही. तलावाचा पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो काठ उजवीकडे आपल्यापासून दूर जात असेल तर कॅमेरा अगदी सरळ धरूनही फोटोत तो उजवीकडे चढताना दिसतो, कारण सपाट पाण्यावरचा लांबचा बिंदू चौकटीत वर येतो आणि जवळचा खाली. हा शेरा ऐकून काढणारा फोटो फिरवतो, काठ आडवा होतो आणि फोटो खरोखरच वाकडा होतो. मग सरळपणा कसा तपासायचा? स्थिर पाण्यात प्रत्येक वस्तूचं प्रतिबिंब तिच्या बरोबर खाली, लंबरेषेत पडतं. चौकटीच्या मध्याजवळचा एखादा खांब, झाडाचा शेंडा किंवा लांबचा दिवा निवडावा आणि तो व त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेघ मनात ओढावी. ती उभी असेल तर कॅमेरा सरळ होता, काठ कितीही तिरपा दिसो. मध्यच घ्यायचा, कारण कॅमेरा खाली किंवा वर झुकवलेला असला की कडेच्या उभ्या रेषा आपोआप कलतात. पाण्याने ओळंबा फुकट दिलेला असताना आपण काठाकडे बघून निकाल देतो, हे जरा गमतीचंच आहे.

दुसरा ठरलेला शेरा, "प्रतिबिंब काळवंडलंय, थोडं उजळ कर." पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दोन टक्के भाग परत फिरतो. बाकीचा आत शिरतो. नजर जसजशी पाण्याला समांतर होत जाते तसा हा वाटा वाढतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दीड-पावणेदोन मीटर उंच धरला, तर तीन मीटर अंतरावरचं पाणी त्याला सहा-सात टक्केच प्रकाश परत देतं, आणि नऊ-दहा मीटरवरचं पाणी पस्तीस टक्क्यांच्या आसपास. त्याहून लांबचं आणखी जास्त. म्हणून पायाशी तळाचे दगड दिसतात आणि पलीकडे आकाश दिसतं. फोटोच्या खालच्या भागात प्रतिबिंब विरळ होत जाणं हा दोष नाही. ते दाट हवं असेल तर एडिटिंग करण्यापेक्षा गुडघे टेकून कॅमेरा पाण्याजवळ न्यावा. हा सल्ला देणारा अभिप्राय मिळाला तर फोटो काढणाऱ्याने त्या माणसाला चहा पाजावा.

याच नियमाची दुसरी बाजू आहे. उजळ गोष्टीचं प्रतिबिंब मूळ गोष्टीपेक्षा थोडं गडदच पडतं. पाण्यातला ढग आकाशातल्या त्याच ढगापेक्षा पांढरा दिसला, तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये आकाश खाली ओढताना किंवा पाणी वर उचलताना हात सैल सुटलाय. गडद गोष्टींचं मात्र उलटं होऊ शकतं. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्याला स्वतःचा मातकट उजेड असतो. तो काळ्या झाडाच्या प्रतिबिंबात मिसळतो आणि प्रतिबिंब झाडापेक्षा फिकट दिसतं. सप्टेंबरातल्या हर्सूल तलावाचा फोटो बघून 'शॅडो उगाच उचलल्यास' असं म्हणणारा माणूस पाण्याच्या गढूळपणाला एडिटिंग समजत असतो.

प्रतिबिंब ही मूळ दृश्याची उलटी नक्कलही नसते. पाण्यात दिसणारं दृश्य म्हणजे कॅमेरा पाण्याच्या पातळीखाली तेवढ्याच खोल ठेवला असता तर जे दिसलं असतं ते. त्यामुळे प्रतिबिंबात जवळच्या वस्तू लांबच्यांना जास्त झाकतात. काठावरच्या झुडपामागे प्रत्यक्षात दिसणारी टेकडी पाण्यात झुडपाआड जाते. पुलाचा पाण्यात पोटाकडचा भाग दिसतो. बीबी का मकबऱ्यासमोरच्या नहरीत पाणी असतं आणि कारंजी बंद असतात, तेव्हा घुमटाचं प्रतिबिंब पडतं. त्यात नहरीच्या टोकाची कड आणि चबुतरा घुमटाच्या खालचा भाग थोडा जास्त खातात. वर आणि खाली सगळं ठिपक्याला ठिपका जुळत असेल तर ते प्रतिबिंब मोबाइलच्या एखाद्या ॲपमध्ये पडलंय, नहरीत नाही. असा फोटो समोर आला तर 'खोटा आहे' म्हणण्याऐवजी 'चबुतऱ्याची कड पाण्यात कुठे गेली?' असं विचारावं. उत्तर देताना माणूस स्वतःच काय ते सांगतो.

फोकसचीही एक खोच आहे. पाण्यावर तरंगणारं पान कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर असतं, पण शेजारी दिसणारं झाडाचं प्रतिबिंब तेवढ्या अंतरावर नसतं. त्याचं अंतर कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून झाडापर्यंत असं मिळून धरायचं. पान धारदार आणि प्रतिबिंब धूसर, किंवा उलट, यात चूक शोधण्यापेक्षा दोन्हींतलं काय हवं होतं हे विचारणं बरं. तसंच पोलरायझरचं. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून येणारी चकाकी हा फिल्टर जवळजवळ पुसून टाकतो. तळातले खडक दाखवायचे तर तो वरदान. प्रतिबिंबासाठी पहाटे उठून गेलेल्या नवख्याने तो फिरवता फिरवता आपलंच प्रतिबिंब घालवलं, असंही होतं.

नियमांकडे वळू. क्षितिज मध्यावर नको, खालच्या किंवा वरच्या तिसऱ्या भागावर हवं, हे फोटो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडतं. हा नियम कॅमेऱ्याच्या जन्माआधीचा आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-कोरक्याने १७९७ साली ग्रामीण निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात तो मांडला, आणि मांडताना दिलेल्या उदाहरणांत पाणी आणि जमीन यांचंच प्रमाण होतं. एक घटक दोन भाग, दुसरा एक भाग. समसमान वाटणी कंटाळवाणी. सल्ला म्हणून चांगलाच आहे. पण जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो १९८० पासून जगभरच्या समुद्रांचे कृष्णधवल फोटो काढत आलाय, आणि प्रत्येकात क्षितिज बरोबर मध्यावर. अर्धं पाणी, अर्धी हवा. होडी नाही, पक्षी नाही, काठ नाही. ती समसमान वाटणी हाच त्या फोटोंचा विषय आहे, आणि तिसऱ्या भागाचा नियम लावला तर ते सगळे नापास होतात.

म्हणजे नियम निरुपयोगी असं नाही. क्षितिज कुठे आहे यापेक्षा तिथे ठेवल्याने काय मिळालं, काय गेलं, हे बोलणं महत्त्वाचं. फोटोच्या अगदी खालच्या कडेचं पाणी आकाशाचा बराच वरचा भाग दाखवतं. क्षितिज वर ठेवून पाण्याला जास्त जागा दिली तर पाण्यात असा ढग दिसू शकतो जो फोटोतल्या आकाशात नाहीच. काहींना ते चुकलेलं वाटतं. मला तो शांत पाण्याच्या फोटोतला सगळ्यांत सुंदर जुगार वाटतो. क्षितिज मध्यावर ठेवलं तर वरचं-खालचं जुळतं, डोळा दोन्हींत तुलना करत बसतो आणि पाण्यातल्या बारीकशा थरथरीलाही मोल येतं. 'मध्यावर का घेतलंस?' हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला तर एका वाक्यात संपतो. खरोखर विचारला तर त्यावर अर्धा तास बोलता येतं.

आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने १९९९ साली ऱ्हाइन नदीचा एक फोटो केला. हिरवं गवत, करडं पाणी, हिरवं गवत, करडं आकाश, असे आडवे पट्टे. २०११ मध्ये तो न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा 'यात आहे काय?' असं जगभर विचारलं गेलं. त्या दृश्यात मुळात एक कारखान्याची इमारत आणि येणारी-जाणारी माणसं होती. गुर्स्कीने ती संगणकावर काढून टाकली आणि ते लपवलं नाही. सलीम अली सरोवराच्या फोटोतून मागच्या इमारती पुसाव्यात का, हा इथल्या छायाचित्रकारापुढचा रोजचा प्रश्न आहे. माझं उत्तर सांगतो. पुसायच्या तर पुसाव्यात, पण फोटो दाखवताना तसं म्हणावं. पक्षी मोजणारा एखादा अभ्यासक त्याच फोटोवरून सरोवराच्या काठाबद्दल काही ठरवत असेल.

मकबऱ्याचं वेगळं. दरवाजातून आत आल्यावर नहर सरळ समोर, टोकाला घुमट. ती चौकट इतकी आयती आहे की ती न घेणंच अवघड. शहर निजामाच्या राज्यात होतं तेव्हा, १८८० च्या दशकात, राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने मकबरा टिपला, आणि त्यानंतर हा विषय सुटलेलाच नाही. अशा ठिकाणच्या फोटोला 'सुंदर' म्हणताना आपण मकबरा उभारणाऱ्या शहाजादा आजमशहाच्या कारागिरांना शाबासकी देतोय की फोटो काढणाऱ्याला, हे स्वतःला विचारायला हवं. फोटो काढणाऱ्याच्या पदरात प्रकाश, वेळ आणि उभं राहण्याची जागा एवढंच उरतं. इमारतीचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता असतो, दर्शनी बाजू उजळते आणि कमानींत सावल्या धरतात. शहराचा अक्षांश विसाच्या जरा खाली असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात. तेव्हा दुपारी दर्शनी भिंत स्वतःच्याच सावलीत उभी असते. 'प्रकाश सपाट आलाय' या शेऱ्यापुढे 'हाच फोटो जानेवारीत सकाळी काढून बघ' हे जोडलं की त्या शेऱ्याचं काम होतं.

फोटोंवर एकत्र बसून बोलण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनच्या सोसायटीला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचा महासंघ झाला आणि सॅलॉनची, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांची, परंपरा रुजली. सॅलॉनमध्ये फोटो काही सेकंद पडद्यावर येतो, परीक्षक गुण देतात, पुढचा फोटो येतो. शेकडो फोटोंतून निवड करायची तर दुसरा मार्गही नाही. पण त्या काही सेकंदांत पक्ष्याची झडप जिंकते आणि संथ पाणी मागे पडतं. शांत पाण्याच्या फोटोला वेळ लागतो. त्याला मिळालेल्या कमी गुणांवरून फोटो वाईट ठरवू नये, आणि मिळालेल्या पदकावरून चांगलाही.

अभिप्रायाने माणूस सुधारतोच, हा समजही तपासलेला आहे. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक-तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम बिघडलं होतं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की तो कुचकामी होतो. हे दोषालाही लागू आणि स्तुतीलाही. 'तुला लँडस्केप जमत नाही' हे ऐकणारा खचतो. 'तुझी नजरच वेगळी आहे रे' हे ऐकणारा पुढच्या वेळी नजर सिद्ध करायला जातो, पाणी बघायला नाही. 'उजवीकडची बाभूळ चौकटीच्या कडेला चिकटलीये, माझा डोळा तिथून बाहेर पडतो' या वाक्यात माणूस कुठेच नाही. बाभूळ आहे, कड आहे, आणि बोलणाऱ्याचा डोळा आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती मानाची. फोटो दाखवणारे ज्येष्ठ असले की "जबरदस्त, सर" यापलीकडे कुणाची जीभ वळत नाही; आणि दाखवणारा पोरगा असला की सगळेच त्याचे मास्तर होतात. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये अभिप्रायाची एक पद्धत बांधली, ती इथे उपयोगी पडते. आधी पाहणाऱ्यांनी काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलावंताने स्वतःला पडलेले प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांत मत लपलेलं नाही असे. आणि शेवटी मत, तेही 'अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' अशी परवानगी घेऊन. तिसरी पायरी सगळ्यांत अवघड. 'एवढं रिकामं पाणी का ठेवलंय?' यात मत लपलेलं आहे. 'सर, खालच्या अर्ध्या भागात बघणाऱ्याने काय बघावं असं तुमच्या मनात होतं?' यात नाही, आणि धाकट्याने थोरल्याला हे विचारलं तर मानालाही धक्का लागत नाही. सर कदाचित म्हणतील, "काहीच नाही, ते राहून गेलं." क्रॉप कुठे करायचा हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने थोडं. फोटो दाखवण्याआधीच 'घाईत काढलाय, लाइट नीट नव्हता' असं म्हटलं की समोरचा सांत्वन करायला लागतो आणि अभिप्राय तिथेच संपतो. 'कसा वाटला?' हा प्रश्न तर 'छान'शिवाय दुसरं उत्तर मागतच नाही. त्यापेक्षा विचारावं, 'तुमची नजर आधी कुठे गेली?' किंवा 'ही होडी काढली तर काही कमी होईल का?' आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. आपण समजावून सांगायला लागलो की पाहणारा फोटो बघायचा सोडून आपल्याकडे बघतो.

पाठवण्याचंही बघावं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि दाबताना पहिला मार बसतो तो संथ पाणी आणि निरभ्र आकाश यांनाच. रंगाच्या हळुवार उतरणीच्या जागी पट्टे आणि चौकोन येतात. गर्दीच्या बाजारपेठेच्या फोटोत हे खपून जातं, नाथसागरावर नाही. पाणी 'प्लास्टिकसारखं' दिसतंय असं कुणी म्हटलं तर त्याने कोणती प्रत पाहिली हे आधी विचारावं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, शक्य तर छापून दाखवावा. आठ बाय बारा इंचाच्या छापील प्रतीवर लोक जास्त वेळ थांबतात, हा माझा अनुभव आहे.

मग ऐकलेल्याचं करायचं काय? पाहणाऱ्याने सांगितलेला त्रास आणि सुचवलेला उपाय वेगळे ठेवावेत. 'डावी बाजू रिकामी वाटते' हा त्याचा अनुभव आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 'तिथे एखादा फ्लेमिंगो हवा होता' हा उपाय आहे, आणि तो बहुतेक वेळा मानायचा नसतो. फ्लेमिंगो मागवून येत नाहीत. ॲपमधून आणलेला फ्लेमिंगो उथळ पाण्यात उभा असूनही त्याचं प्रतिबिंब पडत नाही, असे नमुनेही बघायला मिळतात. डावी बाजू रिकामी वाटण्याचं कारण उजवीकडची जड बाभूळ असू शकतं. तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं, उपाय मात्र प्रत्येकाने निराळा सांगितला, तर ती जागा नक्की बिघडलेली आहे.

काकांच्या प्रश्नाकडे परत येणं राहिलंच. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी केलं, आणि शंभरावर गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या गावांतल्या एखाद्या आजींना तोच सकाळचा फोटो दाखवला तर त्या काय बघतील, हे एक-तृतीयांशच्या नियमात बसत नाही. फोटोने हे सगळं सांगायलाच हवं असा आग्रह नाही. पण खाली ओळ लिहायची तर 'नीरव सकाळ' लिहिण्यापेक्षा ठिकाण, महिना आणि त्या दिवशीची टक्केवारी लिहिली तर इथला पाहणारा फोटोपाशी जास्त वेळ रेंगाळेल, असं मला वाटतं.

शिवाय त्या आकड्याचा फोटो काढणाऱ्यालाही उपयोग आहे. नाथसागर उथळ. पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला जलाशय जूनपर्यंत उतरत जातो आणि सपाट काठावर पाण्याची कड लांबच लांब सरकते. डिसेंबरात गुडघाभर पाण्यात उभी असलेली बाभूळ एप्रिलात कोरड्या भेगाळ गाळात असते. डिसेंबरचा फोटो मार्चमध्ये दाखवला आणि कुणी अगदी बरोबर सांगितलं की दोन पावलं डावीकडून, कॅमेरा खाली ठेवून पुन्हा काढ, तरी त्या वर्षी ती जागा पाण्यात नसते. अभिप्राय मागायचा तर आठवड्याभरात मागावा, आणि टक्केवारी टिपून ठेवावी. पुढच्या वर्षी धरणाचा आकडा पुन्हा तिथे आला, की बाभळीपाशी पाणी साधारण तेवढंच असेल.